विसरण्याची मुदत

ती घंटा गुलाब बुरुडांनी एकसष्ट वर्षांपूर्वी ऐकली होती. आता ती वरखेडच्या नोंदणी कचेरीत टांगलेली आहे आणि समोरचा माणूस सहा मिनिटं गप्प बसला की वाजवली जाते. सातव्या मिनिटाला कारकून त्या माणसाला विसरतो.

यात लपवाछपवी काही नाही. दारावरच पाटी आहे: ‘सात मिनिटं गप्प राहणाऱ्या अर्जदारास हे कार्यालय ओळखत नाही.’ वरखेडकरांना याची सवय झाली आहे. कचेरीत शिरलं की बाहेरच्या बाकापासूनच प्रत्येक जण काही ना काही बोलत असतो. कुणी पाढे म्हणतं, कुणी एसटीचे थांबे ओळीनं सांगतं. एक बाई रोज येऊन थालीपिठाची भाजणी कशी करायची ते सांगत बसे, आणि तिचं काम व्हायच्या आत सगळ्या रांगेला भाजणी येऊ लागली होती. कुणी कुणाचं ऐकत नाही. ऐकायला थांबलं तर आपणच विसरले जाऊ, ही धास्ती.

गुलाबतात्यांकडे असं बोलण्याचं काहीच शिल्लक नव्हतं. जन्मभर त्यांनी बांबू चिरला. बांबू चिरताना चीर कुठं चालली आहे ते डोळ्यांना दिसत नाही, कानानं ऐकावं लागतं. म्हणून बुरूड बोलत नाही. तात्या कोयता खाली ठेवल्यावरही बोलत नसत. कुणी काही विचारलं तर आधी ते प्रश्न नीट आत जाऊ देत, मग उत्तर शोधत, मग ते बरोबर आहे का ते पाहत, आणि तोवर विचारणारा पुढच्या आळीत पोचलेला असे.

त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईंनी, सत्तेचाळीस वर्षं, काम उरकल्यावरचं, दोघांच्या वाटचं बोलणं एकटीनं केलं होतं. तात्या चिरत, ती विणी. सुपं, दुरड्या, परड्या. पोरबाळ झालं नाही. आता तात्यांच्या बोटांत कोयता राहत नव्हता आणि चांगुणाबाईंना बांबूची बारीक कामटी दिसत नव्हती, तेव्हा दोघांनी नदीकाठच्या निवाऱ्यात नाव घातलं. निवाऱ्यात जोडीनं राहायची एकच खोली उरली होती. लग्नाचा दाखला शुक्रवारी पाचच्या आत दाखवला तर ती खोली त्यांची. नाही दाखवला तर पुरुषांची इमारत नदीच्या अल्याड, बायकांची पल्याड, आणि भेट रविवारी.

त्यांच्या लग्नाचा कागद कुठंच नव्हता. बुरूड आळीत मांडव पडला, अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी दोघं कामाला बसली. साक्षीला आलेली माणसं एकेक करून गेली. अशा लग्नांसाठी कचेरीत तोंडी नोंदणी आहे. एकतीस प्रश्न, सगळी उत्तरं सलग, आणि शेवटी दाखला.

बुधवारी सकाळी दोघं तीन नंबरच्या खिडकीपाशी बसली. खिडकीत निकुंभ म्हणून कारकून होते. चाळिशीचे, चेहरा हसरा, बोलणं गोड. चौथा प्रश्न लग्नाच्या तिथीचा होता. चांगुणाबाई सांगणार होत्या, पण निकुंभांनी हात वर केला. तो प्रश्न पतीचा होता.

तात्या आठवू लागले. चैत्र होता हे नक्की, कारण अंगणात आंब्याच्या कैऱ्या पडलेल्या होत्या. पण अष्टमी की नवमी? त्यांनी मनातल्या मनात मांडवापासून मागं मोजायला सुरुवात केली. मोजता मोजता घंटा वाजली.

आता सांगायचं ते असं. ही घंटा मूळची तात्यांच्या शाळेची. शाळा मोडली तेव्हा सामानाबरोबर ती कचेरीत आली. तात्या तिसरीपर्यंत शिकले, आणि त्या तीन वर्षांत ते एकच गोष्ट पक्की शिकले: घंटा झाली की उठायचं, हात जोडायचे आणि दुसरी घंटा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. एकदा गुरुजी दुसरी घंटा द्यायचं विसरून घरी गेले, तर गुलाब दिवस मावळेपर्यंत तसाच उभा होता. त्याच्या आईनं येऊन त्याला नेलं, आणि पुन्हा शाळेत पाठवलं नाही.

तर घंटा वाजली, शिपाई रंगनाथ यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “आहात का?” आणि तात्या उठले, हात जोडले आणि उभे राहिले. चांगुणाबाई कोपर मारून मारून दमल्या. त्या स्वतः “आहोत, आहोत” म्हणत होत्या, पण प्रश्न पतीचा असल्यामुळे उत्तरही पतीचंच लागत होतं. एक मिनिट गेलं. निकुंभांनी डोळे मिटून उघडले आणि हसून म्हणाले, “नमस्कार. आपण कोण?”

बुधवारी असं चार वेळा झालं.

चांगुणाबाईंनी त्या दिवशी बाहेर येऊन नवऱ्याला जे सुनावलं ते पाढे म्हणणारे लोकसुद्धा थांबून ऐकू लागले, आणि त्यात रांगेतले दोघं विसरले गेले. घंटेला हात जोडायला ती काय देवळातली आहे, आणि जन्मात एकदा तरी पटकन बोला, मी मेल्यावर तरी बोला. तात्या खाली मान घालून ऐकत होते. त्यांनाही राग आला होता, पण त्यांचा राग बोलण्यासारखाच उशिरा यायचा. तो अजून वाटेत होता.

गुरुवारी तात्यांनी निकुंभांना एक गोष्ट विचारली. रात्रभर त्यांनी तो प्रश्न तयार करून ठेवला होता. साहेब उत्तरं लिहून का घेत नाहीत?

निकुंभांनी अगदी समजावून सांगितलं. अर्धवट लिहिलेली नोंद ही अपुरी नोंद होते, आणि अपुरी नोंद ठेवायला परवानगी नाही. म्हणून एकतीस उत्तरं डोक्यात ठेवायची आणि पूर्ण झाली की एकदम लिहायची.

“पण साहेब, मी इथंच होतो,” तात्या म्हणाले. “जागचा हाललो नाही.”

“असं समजा, आजोबा, की तुम्ही उठून गेलात. तुमच्या जागी दुसराच कुणी गप्प येऊन बसला. मी त्याला गुलाब बुरूड समजलो, तर आजींचं लग्न भलत्याशीच लागेल. हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे.”

“मी गेलो नव्हतो.”

“ते मला कसं माहीत असणार? मी विसरलो होतो ना.”

तात्यांनी यावर विचार केला. त्यात कुठं चूक आहे ते त्यांना सापडेना, आणि चूक नाही हेही पटेना. मग त्यांनी अर्जाच्या खाली बोट ठेवलं. तिथं एक चौकोन होता, ‘मला लक्षात ठेवा’ असं लिहिलेला, आणि रंगनाथ यांनी वाचून दाखवल्यावर तात्यांनी त्यात बुधवारीच अंगठा उठवला होता.

“हो, ते आहे,” निकुंभ म्हणाले. “पण ते खिडकीसाठी. खिडकीनं तुम्हाला ओळखलं, म्हणून तर सकाळी आल्याबरोबर ती उघडली. मी वेगळा.”

त्या दिवशी बोलायचं सगळं चांगुणाबाईंवर आलं. तात्यांना तिथी सापडली होती, ती त्यांनी सांगितली, आणि पुढं बाईंनी ताबा घेतला. लग्नात कोण आलं, कोण नाही, पंगतीत बुंदी कुणाच्या पानात किती पडली, तात्यांच्या आत्यांनी लुगड्याच्या काठावरून कसं तोंड फुगवलं. अशी त्यांची बाविसाव्या प्रश्नापर्यंत मजल गेली. शब्दाला शब्द लागून होता, सात मिनिटं काय, सात पळांचीही फट नव्हती. आत्याबाई मांडवाबाहेर जाऊन बसल्या होत्या आणि चांगुणाबाई त्यांना समजवायला निघाल्या होत्या, तेवढ्यात निकुंभांनी डोळे मिटून उघडले.

“नमस्कार. आपण कोण?”

पाटीच्या मागच्या बाजूला आणखी एक नियम होता. कितीही बोललात तरी एका तासानं कार्यालय विसरतं. पाटीची मागची बाजू भिंतीला टेकलेली होती.

चांगुणाबाई संध्याकाळपर्यंत त्या भिंतीकडे बघत होत्या. रंगनाथ यांनी त्यांना पाणी दिलं. बाईंनी विचारलं, तुम्ही तरी ओळखता ना आम्हाला? ते म्हणाले, “मावशी, ओळखतो. पण मी शिपाई. माझी ओळख धरत नाहीत.”

शुक्रवारी दोघं ठरवून आली. पतीचा प्रश्न असला तर तात्यांनी दोन शब्दांत उरकायचं. रात्रभर घोकून घोकून त्यांनी उत्तरं कामट्यांसारखी तासून ठेवली होती. पत्नीचा असला तर बाईंनी आत्याबाईंना मधे आणायचं नाही. घंटा वाजली तर तात्यांनी बसूनच राहायचं. त्यासाठी बाईंनी त्यांच्या सदऱ्याची कड आपल्या पदराला गाठ मारून बांधली. रांगेतला एकजण म्हणाला, “आजी, गाठ मारलीत, म्हणजे लग्न झालं की इथंच. आता साहेब काय लावतील?” बाई म्हणाल्या, “तुझं थालीपीठ बघ.”

पण त्या दिवशी सकाळची खिडकी कामकाजाच्या बैठकीसाठी बंद होती, दुपारची जेवणासाठी, आणि ती उघडली तेव्हा तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. एक तास. त्यातून निवारा दहा मिनिटांच्या चालीवर. चुकलं तर पुन्हा वेळ नाही, हे दोघांनाही कळत होतं.

अठ्ठावीस प्रश्न झाले. तात्या कधी नव्हे ते चटचट बोलले आणि बाई कधी नव्हे त्या थोडक्यात. दोघांच्याही कपाळावर घाम होता. घड्याळात साडेचार वाजले होते. निकुंभांनी मान डोलावली आणि एकोणतिसावा प्रश्न विचारला.

पतीचं नाव, पत्नीच्या तोंडून, स्पष्ट.

चांगुणाबाई म्हणाल्या, “त्यांनीच सांगितलंय की पहिल्या झटक्याला.”

“ते त्यांच्या तोंडून. हे तुमच्या.”

चांगुणाबाईंनी नवऱ्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. दारातल्या डब्यात त्या नावाचं फूल लागे, त्याला त्या काट्याचं फूल म्हणत. लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं तेवढंच, आणि उखाण्याची गोष्ट वेगळी. तिथं नाव शब्दांच्या पदराआड असतं. उघडं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं हे त्यांच्या आईनं सांगितलं होतं, आणि आईनं वडिलांचं नाव एकदाच, तापात, घेतलं होतं. पुढं काय झालं ते चांगुणाबाईंनी पाहिलं होतं.

त्या मग पदर सारखा करून म्हणाल्या,

“हिरव्या कामटीची विणली परडी,
गुलाबरावांचं नाव घेते, सायबाला कशाची तातडी.”

मागं कुणीतरी हसलं. निकुंभही हसले. मग त्यांनी बोटांवर मोजलं.

“यात दहा शब्द आहेत, आजी. त्यातलं नाव कोणतं ते ठरवायचा अधिकार मला नाही. परडी हेही कुणाचं नाव असू शकतं. मागं एका बाईंचं लग्न असंच साबुदाण्याशी नोंदलं गेलं. त्या अजून फेऱ्या मारताहेत.”

बाईंनी सांगितलं की नुसतं नाव घेतलं तर यांचं आयुष्य घटतं. निकुंभांनी ते ऐकून घेतलं, खणातून एक परिपत्रक काढलं, वरून खाली बोट फिरवलं, आणि म्हणाले की आयुष्य कमी होण्याला या विभागाची हरकत नाही. किती घटतं, असं बाईंनी विचारलं. ते आरोग्य विभागाकडे.

मग चांगुणाबाई पेटल्या. सत्तेचाळीस वर्षं जे जपलं ते या भोकातून तुमच्या हातात देऊ काय, तुमच्या बायकोला आधी आणा इथं, आणि तिला सांगा तुमचे दिवस मोजून द्यायला. निकुंभ शांतपणे ऐकत होते. बोलणं चालू असल्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. घड्याळ चार सदतीसवर होतं. बोलून बोलून बाईंचा श्वास संपला, आणि त्या गप्प झाल्या.

एक मिनिट गेलं. दोन गेली. तात्या बायकोकडे बघत होते. तीन दिवस वाटेत असलेला त्यांचा राग आता पोचला. तो कुणावर काढायचा हे त्यांना कळेना. समोरचा माणूस हसत होता, आणि आणखी दहा मिनिटांनी त्याला काही आठवणारही नव्हतं. न आठवणाऱ्यावर रागवायचं तरी कसं?

घंटा वाजली. तात्यांचे पाय आपोआप सरळ होऊ लागले. पदराची गाठ ताणली. ते खाली बसले.

“आहात का?” रंगनाथ यांनी विचारलं.

प्रश्न पत्नीचा होता, म्हणून उत्तर पत्नीचं हवं होतं. चांगुणाबाई बोलेनात.

तात्या म्हणाले, “घे.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

“घे म्हणतो ना. दोन वर्षं घटली तर घटू दे. चार घटू दे. नदीच्या अल्याड एकटं बसून ती काय करू मी?”

चांगुणाबाईंनी डोळे मिटले आणि नवऱ्याचं नाव घेतलं.

“ऐकू आलं नाही,” निकुंभ म्हणाले.

हॉलमध्ये सगळे बोलत होते. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, नांदूर, पिंपळस, चितेगाव फाटा. चांगुणाबाईंनी दुसऱ्यांदा नाव घेतलं.

“शेवटचं अक्षर नीट आलं नाही. स्पष्ट हवं.”

तिसऱ्यांदा त्या उभ्या राहिल्या, खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडल्या, “गुलाब.” सुपातलं धान्य दगडावर उपडं करावं तसा तो आवाज होता. सगळा हॉल गप्प झाला. पाढे थांबले, थांबे थांबले. लग्नाच्या मांडवातसुद्धा या बाईचा असा आवाज कुणी ऐकला नसेल, आणि तात्यांनी तर नक्कीच नाही. आपल्या नावाला इतकी धार असते हे त्यांना या वयात कळलं.

“धन्यवाद,” निकुंभ म्हणाले. “प्रश्न तीस. हे नाव आपण राजीखुशीनं घेतलं का? हो किंवा नाही.”

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “हो.”

एकतिसावा प्रश्न दोघांना आणखी काही सांगायचं आहे का असा होता. तात्यांनी नाही म्हटलं. निकुंभांनी दौत पुढं ओढली आणि एका दमात सगळं लिहून काढलं. आत्याबाईंचा कालचा रुसवा अर्थातच त्यात नव्हता. शिक्का बसला. चार अठ्ठेचाळीस.

कागद गजांमधून बाहेर देता देता निकुंभ थांबले. “तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा मागची बाजू वाचून दाखवणं माझं काम आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी कागद उलटा करून वाचलं.

सदर नातं, पतिपत्नी एकमेकांशी सात मिनिटं न बोलल्यास, आपोआप संपेल. ते पुन्हा हवं असल्यास प्रश्न क्रमांक एकपासून. रात्री दहा ते सकाळी सहा सूट. निवाऱ्यातल्या प्रत्येक खोलीत घड्याळ बसवलेलं आहे.

तात्यांनी ते आत जाऊ दिलं. या वेळी वेळ लागला नाही.

“साहेब,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रंगनाथ दोन पावलं मागं सरले. “आम्ही समोरासमोर बसायचो. मी चिरायचो, ही विणायची. सकाळी बसलो की ऊन उंबऱ्याला लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मला तहान लागली की ही तांब्या सरकवायची. मी कधी मागितला नाही. हिचा डोळा चुरचुरला की मी कामट्या बारीक द्यायचो. हिनं कधी सांगितलं नाही.” ते थांबले. निकुंभांनी घड्याळाकडे पाहिलं. “तुमच्या हिशोबानं रोज दुपारपर्यंत आमचं वीस-पंचवीस वेळा मोडत होतं. मग सत्तेचाळीस वर्षं ही कुणाला वाढत होती? सांगा मला. कोण बसलं होतं तिच्यासमोर?”

निकुंभांनी मनापासून विचार केल्यासारखा चेहरा केला.

“हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, आजोबा?”

“कुठल्याच नाही.”

“मग मला ते नोंदवता येणार नाही. पण बोललात ते बरं झालं. तुमची सात मिनिटं नव्यानं सुरू झाली.”

चांगुणाबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला. त्याची चौघडी केली आणि कमरेला खोचली. पदराची गाठ सोडली, नखांनी, सावकाश. निकुंभांकडे पाहिलं, मग तांब्या सरकवताना बघत तसं नवऱ्याकडे पाहिलं. बाकावरच्या लोकांनी पुन्हा पाढे सुरू केले होते, कुणीतरी भाजणीत धणे किती घालायचे ते सांगत होतं. तीन दिवस जिच्या तोंडाला क्षणाची उसंत नव्हती ती बाई वळली, आणि त्या सगळ्या बोलणाऱ्या माणसांमधून वाट काढत, एक अक्षर न बोलता, दाराबाहेर निघून गेली.